कृष्णाकाठचं लाकूड आणि काचेची टाकी

पूर ओसरला की कृष्णेच्या काठांवर काय काय पडलेलं असतं, हे सातारा-सांगलीत वेगळं सांगावं लागत नाही. उसाचं पाचट, प्लॅस्टिक, शेतातल्या पाइपांचे तुकडे, कुणाच्या तरी गोठ्याचे वासे आणि या सगळ्यात गुंतलेली झाडं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून ठेवलेले असले, तरी कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या खांबांमध्ये मुळांसकट उपटलेली खोडं आडवी येऊन बसतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांनंतर तर ती यंत्रानं ओढून काढावी लागली. अशा ढिगातली एखादी पीळदार, फाटे फुटलेली मुळी दिसली, की ज्याच्या घरी माशांची टाकी आहे त्याचा हात आपोआप पुढे जातो. ही पुस्तिका त्या हातासाठी लिहिली आहे, आणि तिचं पहिलं सांगणं असं की तो हात त्या दिवशी मागे घ्यावा.

लाकूड उकळायचं किती, भिजवायचं किती, यावर पुढं सविस्तर येईलच. पण उकळण्यानं चुकीचं लाकूड बरोबर होत नाही. झाड कोणतं, ते मेलं कधी, पडून राहिलं कुठं, आणि त्या जागी आजूबाजूला काय फवारलं किंवा सोडलं जात होतं, या चार गोष्टी ठरल्या की तीन चतुर्थांश काम झालं. उरलेलं काम चूल आणि पिंप करतात. परदेशी पुस्तकांत याच्या उलट प्रमाण दिसतं: निवडीला अर्धं पान आणि उकळण्याला दहा. त्यांच्या वाचकाला दुकानात तयार लाकूड मिळतं. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या दुकानांत 'मलेशियन ड्रिफ्टवुड' मिळतं, आफ्रिकेतलं मोपाने मिळतं, बारीक फांद्यांचं स्पायडरवुड मिळतं. जपानच्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी पाणवनस्पती, दगड आणि लाकूड यांतून टाकीत अख्खा निसर्गदेखावा उभा करण्याची रीत जगभर नेली, आणि तेव्हापासून या लाकडांना मागणी वाढली. पण बाभळीचं काय, जांभळाचं काय, करंजाचं काय, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. नदीकाठच्या माणसाला लागते ती माहिती हीच.

आधी नदीकडे पाहू. महाबळेश्वरातून निघालेली कृष्णा धोम धरणाच्या आणि वाईच्या पुढे येईपर्यंत डोंगराची लेक असते. कोयना तिला कराडच्या प्रीतिसंगमावर समोरून येऊन भिडते, आणि तिथून खाली उतार इतका मंदावतो की सांगलीत आलेलं पाणी दिवसेंदिवस हलत नाही. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फुटांची आणि धोका पातळी ४५ फुटांची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला, पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, माणसं गेली. उभे डोंगरउतार झाडांसकट खाली आले. पुढच्या कित्येक दिवसांत सांगलीपर्यंत जे लाकूड पोचलं, त्याच्यामागे हे सगळं होतं. ते गोळा करायला जाताना एवढं भान ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चौकटीचा तुकडा, रंग दिलेली फळी, कौलाखालचा वासा यांना हात लावू नये. एक तर त्यांवर रंग, वंगण किंवा वाळवीचं औषध असतं. दुसरं म्हणजे ते कुणाच्या तरी घराचं आहे. आणि काठावरच्या मोळ्या हे कितीतरी घरांचं वर्षाचं सरपण असतं. टाकीसाठी आपल्याला हातभर तुकडा पुरतो.

आता थांबायचं का, त्याचं खरं कारण. पुरात जे काठाला लागतं ते तरंगतं म्हणूनच लागतं. म्हणजे ते हलकं असतं किंवा ताजं, चिकानं आणि रसानं भरलेलं असतं. या दोन्ही प्रकारचं लाकूड टाकीला नको. जड, मुरलेलं, गाभ्याचं लाकूड तरंगत नाही. ते पात्रात तळाशी, वाळूत आणि गोट्यांत अर्धं पुरलेलं असतं आणि वर्षानुवर्षं पाणी त्याच्यावरून जातं. बाहेरचं मऊ लाकूड कुजून धुपून जातं, आतला टणक गाभा राहतो. गाळाखाली प्राणवायू पोचत नसल्यामुळे तो सहसा कुजत नाही. एप्रिल-मे मध्ये पात्र उघडं पडतं तेव्हा हे तुकडे दिसू लागतात. भोई मंडळींच्या जाळ्यात अडकून त्यांना वैताग देणारी खोडं बहुधा हीच. तेव्हा लाकूड शोधायचं ते उन्हाळ्यात. पुराचा चिखल आणि त्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिससारख्या आजारांची भीती तोवर सरलेली असते, आणि ढिगाऱ्यात दडून बसलेले साप-विंचूही निघून गेलेले असतात.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. उन्हाळ्यात नदी डोहांपुरती उरते आणि माशांना त्या डोहातल्या बुडालेल्या खोडांखालीच सावली आणि आसरा मिळतो. डोहातलं लाकूड बाहेर ओढू नये. कोरड्या पडलेल्या वाळूतलं घ्यावं.

कायद्याबद्दल दोन गोष्टी, कारण त्या फार कमी जणांना ठाऊक असतात. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये वाहत आलेल्या, काठाला लागलेल्या आणि बुडालेल्या लाकडावर स्वतंत्र प्रकरणच आहे. आठवं प्रकरण, कलम ४५ पासून पुढे. असं लाकूड कुणी मालकी सिद्ध करेपर्यंत सरकारचं मानलं जातं. इंग्रजी अमलात नद्यांतून सागवान सोडून खाली नेत, चोऱ्या होत, त्यातून हे कलम आलं, पण ते आजही पुस्तकात आहे. हातभर मुळीसाठी कुणी अडवणार नाही, तरी मोठं खोड उचलायचं तर वनरक्षकाला किंवा तलाठ्याला विचारून घ्यावं. दुसरी गोष्ट अधिक कडक आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी पाणी उतरलं की जुन्या बुडालेल्या झाडांची सुंदर बुंधे-मुळं उघडी पडतात, आणि फोटो पाहून अनेकांना तिकडे जावंसं वाटतं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. तिथून काडीही आणता येत नाही, आणि आणू नये.

झाडांकडे येतो. या भागाचा विषय म्हणून मला सगळ्यात जास्त तेच सांगायचं आहे.

बाभूळ ही आपल्या दोन्ही जिल्ह्यांची हुकमी निवड. माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या ओढ्यांपासून कृष्णेच्या मळीपर्यंत ती सगळीकडे आहे. गाभा लालसर, घट्ट, जड. नांगर आणि बैलगाडीची चाकं उगाच त्याची केली जात नव्हती. साल मात्र पूर्ण काढायला हवी. बाभळीच्या सालीत टॅनिन इतकं असतं की पिढ्यान् पिढ्या तिच्यावर कातडी कमावली गेली. साल ठेवली तर महिनाभर पाणी बदलत बसावं लागतं. चिंचेचा काळपट गाभाही टणक आणि टिकाऊ. जांभूळ मला सर्वांत आवडतं. ते पाण्यात टिकतं हे जुन्या विहिरी खणणाऱ्यांना ठाऊक होतं. विहिरीच्या तळाशी जांभळाच्या लाकडाचा वापर होत असे. डोंगराकडच्या ओढ्यांत जांभळाच्या मुळ्या दगडांना वळसे घालून वाढतात, म्हणून त्यांचे आकारही देखणे. आंब्याचं लाकूड मिळतं पुष्कळ, पण ते मध्यम टिकतं, आणि ओलं असेल तर त्याचा चीक त्रास देतो. सावर आणि पांगारा वजनाला हलके. काही महिन्यांत भुसा होतात. काठाला वाळुंज खूप दिसतो, त्याच्या लाकडाचीही तीच गत.

आता न घेण्याची झाडं. कण्हेर पूर्ण विषारी आहे, मुळापासून फुलापर्यंत, आणि ती बागांतून, रस्त्यांच्या दुभाजकांतून ओढ्यात येते. शेराच्या फांद्या कुंपणांतून येतात, त्यांचा चीक डोळे जाळतो. बिब्ब्याचं तेल कातडीवर फोड आणतं. करंज नदीकाठी मुबलक आहे, सावली देतो, लाकूड बरं दिसतं, म्हणून चकवा तिथेच बसतो. करंजाच्या बिया आणि मुळं पूर्वी अनेक ठिकाणी पाण्यात टाकून मासे गुंगवण्यासाठी वापरत. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला पिवळ्या फुलांचा रामेठा आहे, त्याची साल आणि पानं त्याच कामाची. मासे मारण्यासाठी माणसानं जी झाडं निवडली, त्यांचा तुकडा माशांच्या टाकीत ठेवू नये, इतकं साधं आहे. झाड ओळखता आलं नाही तर लाकूड सोडून द्यावं. जुनं, झिजलेलं, साल गेलेलं लाकूड ओळखणं अवघड असतं. पण गाभ्याचा रंग, ताज्या कापाचा वास, वजन आणि ठोकल्यावरचा आवाज यांवरून गावातला जाणता सुतार बहुतेक वेळा अचूक सांगतो. त्याला विचारायला लाजू नये.

आणि द्राक्ष. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यात जुन्या बागा काढतात तेव्हा द्राक्षवेलींची खोडं बांधावर रचलेली असतात. इतके सुरेख पीळ निसर्गात दुसरीकडे क्वचित दिसतात, आणि फुकट मिळतात. तरी ती घेऊ नयेत. वेलीचं लाकूड सच्छिद्र असल्यामुळे पाण्यात लवकर कुजतं. त्याहून मोठी अडचण फवारणीची. बागेला वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण मारलेलं असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं सालीच्या भेगांत साठतं, आणि पाण्यात अगदी थोडं तांबंही गोगलगायींना आणि झिंग्यांना मारतं, माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. इतर कीटकनाशकं वेगळीच. उकळून हे जात नाही. याच कारणानं साखर कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्यांखालचं, किंवा मासे मेल्याच्या बातम्या येतात अशा भागातलं लाकूडही वर्ज्य.

निवड झाली की चाचणी. नखानं दाबून खळगा पडला तर लाकूड कुजकं आहे. चाकूनं थोडं तासून बघावं: ओलसर, हिरवट, चिकट लागलं तर अजून वर्षभर छपरावर ठेवावं. वाळलेल्या लाकडाला जवळजवळ वास नसतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत कुठे तरी प्राणवायूविना कुजणं चालू आहे; तो भाग तासून काढावा, तासूनही वास येत राहिला तर तुकडा टाकून द्यावा. गढूळ माती, साल आणि मऊ भाग तारेच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या कडक ब्रशनं काढावेत. तारेचे तुकडे भेगांत अडकून गंजतात.

मग येतं उकळणं. लाकूड का तरंगतं आणि का बुडतं हे कळलं की उकळण्यामागचं कारण कळतं. लाकडाच्या पेशींच्या भिंतीचं घनत्व पाण्याच्या सुमारे दीडपट असतं, बाभूळ असो की सावर. म्हणजे नुसतं काष्ठ कुठलंही असलं तरी बुडायला हवं. ते तरंगतं ते पेशींच्या पोकळीतल्या हवेमुळे. ती हवा काढून तिथं पाणी भरलं की काम झालं. उकळताना हवा प्रसरण पावून बुडबुड्यांनी बाहेर येते, आणि गार होताना आत निर्माण झालेली पोकळी पाणी शोषून घेते. त्यामुळे उकळल्यावर लाकूड लगेच काढू नये, त्याच पाण्यात गार होऊ द्यावं. खरं भरणं त्या वेळात होतं. मनगटाएवढ्या जाडीच्या तुकड्याला दीड-दोन तास, मग पाणी बदलून पुन्हा. आतल्या भुंग्यांच्या अळ्या, अंडी आणि बुरशी याच वेळी मरते.

भांड्याची निवड महत्त्वाची आहे. आपल्या घरांत मोठं भांडं म्हटलं की तांब्याचा बंब किंवा हंडा आठवतो, आणि तो इथं चालत नाही. तांब्याचं कारण वर आलंच आहे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा टबही नको, जस्तही माशांना बाधतं. गुऱ्हाळाची जुनी काहील किंवा लोखंडी घमेलं वापरलं तर पाणी शाईसारखं काळं होतं, कारण टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग बनतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच क्रियेवर होत असे. स्टीलचं मोठं पातेलं सगळ्यात चांगलं. प्रेशर कुकर कधीच वापरू नये. सालीचा कचरा शिट्टीत अडकतो. पातेल्यात न मावणाऱ्या मोठ्या खोडावर उकळतं पाणी ओतावं आणि मग ते प्लॅस्टिकच्या पिंपात वजन ठेवून बुडवावं, पाणी दर चार-पाच दिवसांनी बदलत महिना दीड महिना. पिंप मात्र औषधाचं नको. शेतावर रिकामे झालेले कीटकनाशकांचे पिंप धुऊन वापरायची सवय आहे, ती इथं माशांच्या जिवावर बेतते. पाण्यात टीसीएल पावडर, सोडा, मीठ, साबण काहीही घालू नये. लाकूड ते पितं आणि नंतर सोडत राहतं.

घाई असेल किंवा आकार उभा राहत नसेल तर लाकूड दगडाला स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूनं बांधता येतं. इथं एक स्थानिक अडचण आहे. घराघरांत पडलेली शहाबादी फरशी आणि स्वयंपाकघरातला कडप्पा, दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ते हळूहळू विरघळून पाण्याची कठीणता वाढवतात. ओट्याच्या कामातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा किंवा आपला काळा पाषाण वापरावा.

भिजवलेल्या लाकडामुळे टाकीचं पाणी तपकिरी होतं. लोक घाबरून पाणी फेकतात. हा रंग टॅनिन आणि तत्सम सेंद्रिय आम्लांचा आहे, घाणीचा नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात निऑन टेट्रा अशाच गडद पाण्यात राहतात. ज्यांना स्वच्छ पाणी हवं त्यांनी आठवड्याला एक पंचमांश पाणी बदलावं, काही आठवड्यांत रंग उतरतो. लाकूड घातल्यानं पाणी आम्लधर्मी होतं असं परदेशी पुस्तकांत असतं, तेही आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही. दख्खनचा सगळा पाया काळ्या पाषाणाचा. त्यातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं असतात आणि पीएच बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ च्या आसपास भरतो. ही बायकार्बोनेटं लाकडातलं आम्ल पचवून टाकतात. नदीकाठच्या अति-सिंचनानं खारवलेल्या पट्ट्यात बोअरचं पाणी तर आणखी जड आहे. तिथं लाकडाचा पीएचवर परिणाम दिसणारही नाही. गप्पी, मोली यांना हे पाणी मानवतं. डिस्कससारख्या मऊ पाण्याच्या माशांसाठी लाकडावर भिस्त ठेवू नये.

टाकीत ठेवल्यावर आठ-पंधरा दिवसांत लाकडावर पांढरट, बुळबुळीत साय चढते. हौशी माणूस इथं सगळ्यात जास्त धीर सोडतो आणि लाकूड काढून फेकतो. ती बुरशी आणि जिवाणूंची असते, लाकडात उरलेल्या साखरेवर वाढते, आणि माशांना तिचा त्रास नसतो. ब्रशनं काढावी, पुन्हा आली तर पुन्हा काढावी. महिन्याभरात तिचं खाद्य संपतं. गोगलगायी आणि झिंगे ती आवडीनं खातात. काळी, वास मारणारी, हात लावताच लाकूड चुरगळणारी बुरशी मात्र वेगळी. ती कुजण्याची खूण आहे, आणि तसं लाकूड त्याच दिवशी बाहेर काढावं.

अशा लाकडाभोवती कोणते मासे शोभतात, यावर पुढं एक प्रकरण आहे. त्यात मी आपल्या नद्यांच्या माशांना जास्त जागा दिली आहे. कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली आणि मल्या, खुद्री, कोळस ही इथली नावं शास्त्राच्या यादीत नेली. त्यांतला मल्या दगडांना आणि बुडालेल्या लाकडाला चिकटून शेवाळ खरवडतो, आणि वाहत्या पाण्याची चांगली सोय केली तर टाकीत छान राहतो. खुद्री म्हणजे महाशीर, तो फार मोठा होतो, त्याला टाकीत कोंडू नये. दुकानदार शेवाळ खायला म्हणून 'सकर' देतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा दीड फुटापर्यंत वाढतो, टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत सोडतात. भीमेवरच्या उजनी जलाशयात तो पसरला आहे आणि मच्छीमारांच्या जाळ्यांचं नुकसान करतो. कृष्णेत तो कुणी सोडू नये, आणि मुळात विकतही घेऊ नये.

हाच नियम लाकडालाही लागू आहे. टाकीतून काढलेल्या लाकडाच्या भेगांत परक्या गोगलगायींची अंडी आणि परक्या पाणवनस्पतींचे तुकडे असतात. कंटाळा आला, आकार आवडेनासा झाला, टाकी मोडली, काहीही कारण असो, ते लाकूड जिथून आणलं त्या नदीत परत सोडू नये. उन्हात कडकडीत वाळवावं आणि आंघोळीच्या पाण्यासाठी बंबात घालावं.